मिनोटॉर: बैल, वळू की पोळ?

खडीसाखर:
ओळखीच्या एका मुलाच्या चॅनेलसाठी मराठी सबटायटल्स करतेय. विषय ऐतिहासिक व्हिडिओ गेममधला मिनोटॉर, म्हणजे ग्रीक पुराणातला बैलाच्या डोक्याचा माणूस. मी सरसकट 'राक्षस' लिहिलं. त्याच्या आजोबांनी वाचलं आणि म्हणाले, "राक्षस म्हणजे पुलस्त्याचं कुळ. दिसेल त्या विचित्र प्राण्याला ते नाव कसं द्यायचं?" तेव्हापासून अडलेय.

खरी अडचण वेगळीच आहे. 'टोटल वॉर सागा: ट्रॉय' (२०२०) मध्ये दंतकथेच्या मुळाशी काय असू शकेल, या विचाराने पात्रं रचलीत. एका डोळ्याचा महाकाय सायक्लॉप्स म्हणजे खुज्या हत्तीची कवटी डोक्यावर चढवलेला माणूस. मिनोटॉर म्हणजे बैलाचं मुंडकं पांघरलेला धिप्पाड गडी. २०२१ साली 'मिथॉस'ची भर पडली, त्यात मात्र तो खराखुरा अर्धा पशू. दोघांना एकच शब्द कसा चालेल?

पाऊलवाट:
राक्षस चालतो की. 'राक्षसी ताकद' म्हणताना कुणाला पुलस्त्य आठवतो? कृपा करून 'वृषासुर' वगैरे घडवू नका. आम्ही २००२ चा 'एज ऑफ मिथॉलॉजी' सायबर कॅफेत खेळायचो. अथेना देवीची बाजू घेतली की मिनोटॉर मिळायचे, समोरच्या शिपायाला शिंगांवर घेऊन भिरकावायचे. आम्ही त्यांना 'रेडा' म्हणायचो. "रेडे पाठव, रेडे!" बास. कुणी अर्थ विचारला नाही.

रानजाई:
रेडा म्हशीचा, त्यामुळे तो बाद. आणि 'बैल'ही नाही. शेतकऱ्याच्या घरात गोऱ्हा खच्ची केला की त्याचा बैल होतो. समुद्रदेव पोसायडनने क्रीटचा राजा मिनोसकडे पांढरा वळू धाडला तो बळी देण्यासाठी. मिनोसला तो इतका आवडला की त्याने तो ठेवून घेतला आणि दुसराच कापला. देवाचा कोप झाला, राणी पासिफाएला त्याच वळूचा मोह पडला आणि मिनोटॉर जन्मला. बापाला 'बैल' म्हटलं तर गोष्टच उभी राहत नाही.

माझ्या मते शब्द 'पोळ'. देवाच्या नावाने सोडलेला वळू. लहानपणी आमच्या गावात होता. मांडीवर त्रिशूळाचा डाग. कुणाच्याही रानात शिरला तरी काठी उगारायची नाही. आजी जोंधळ्याचं सूप पुढे ठेवून बाजूला व्हायची आणि त्याच्या ऊन श्वासाने सुपातला कोंडा उडून तिच्या पातळावर बसायचा. मिनोसने देवाचा पोळ आपल्या दावणीला बांधला, एवढं म्हटलं की गुन्हा काय ते आपल्या माणसाला लगेच कळतं.

टाकदौत:
इतकं लांब कशाला? वळूसाठीचा ग्रीक 'टाउरोस' आपल्याकडे केव्हाच आलाय. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त राशींची ग्रीक नावं आहेत: मेषेला क्रिय, वृषभेला तावुरि, मिथुनेला जितुम. मग 'मिनोतावुर' लिहा. 'टॉर' हा इंग्रजी उच्चार आपण का जपायचा? नावाचा अर्थ नुसता 'मिनोसचा वळू'. त्याचं स्वतःचं नाव अस्टेरिओन, म्हणजे ताऱ्यांशी नातं सांगणारं. ते कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पाऊलवाट:
तावुरि ज्योतिषालाही माहीत नसतो. सबटायटल पडद्यावर दोन सेकंद असतं. शब्द वाचणाऱ्यासाठी असतो, वराहमिहिरासाठी नाही.

खडीसाखर:
मुखवटेवाल्याचं काय करू?

जुनाबाजार:
'सोंग'. मोखाडा-जव्हारकडचा बोहाडा पाहिलाय का? रात्रभर एकेक सोंग नाचत येतं आणि शेवटी देवी-महिषासुराची लढाई. मी पाहिलं तेव्हा महिषासुराचा मुखवटा इतका जड होता की नाचणाऱ्याला दोघांनी दंडाला धरलं होतं. मुखवट्याच्या कडेवरून घाम ठिबकत होता आणि माणसं त्याला हात जोडत होती. आत माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी तो महिषासुरच असतो. ट्रॉयमधला गडी मला तसाच वाटतो. 'वळूचं सोंग घेतलेला' लिहा.

पाऊलवाट:
शहरात सोंग म्हणजे ढोंग. "आजारपणाचं सोंग" असंच ऐकू येणार.

जुनाबाजार:
मग शहराने अर्थ आकसवला म्हणून आम्ही शब्द सोडायचा का?

रानजाई:
मिनोटॉरला कोंडलं त्या वाटा चुकवणाऱ्या लॅबिरिंथला 'चक्रव्यूह' लिहिलं असेल तर आधी ते काढा. तो सैन्याचा. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' (२०१८) मध्ये पेलोपोनेशियन युद्धाच्या काळातलं अथेन्स एवढं बारकाईने उभं केलंय, पण क्नॉससच्या, म्हणजे मिनोसच्या राजवाड्याच्या, खाली उतरलं की खरा मिनोटॉर समोर येतो. इतिहासाच्या गेमलाही त्याला वगळता आलेलं नाही. ती जागा म्हणजे 'चकवा'. रात्री रानात चकवा लागतो, माणूस पहाटेपर्यंत त्याच बांधावर फिरत राहतो.

टाकदौत:
चकवा लागतो, बांधला जात नाही. मिनोसच्या कारागिराने, डेडॅलसने, तर तो बांधला. 'भुलभुलैया' बरा.

पण 'पोळ'बद्दल मला राहवत नाही. तो 'पोळणे'वरून आला असणार. डाग देताना कातडं पोळतं, म्हणून पोळ.

रानजाई:
मग पोळा सण? त्या दिवशी कुणी डागत नाही, उलट खांदे तुपाने मळतात. पोळा आणि पोळ एकाच घरातले, हे मी सोडणार नाही.

जुनाबाजार:
सण बैलांचा, पोळ वळू. आत्ता तुम्हीच दोघांत फरक केलात.

खडीसाखर:
परवा फाइल द्यायची आहे. दोन्हीकडे 'मिनोटॉर' ठेवलंय. 'राक्षस' अजून तीन ओळींत शिल्लक आहे.

टाकदौत:
रानजाई, मोल्सवर्थच्या कोशात पोळाला त्रिशूळ आणि चक्र, दोन्हींचे डाग सांगितलेत. तुमच्या गावच्या पोळाला चक्र होतं का?

रानजाई:
मला त्रिशूळच आठवतो. दुसऱ्या मांडीकडे कधी लक्ष गेलं नाही. रात्री आईला फोन करून विचारते.