फिरायला क्वाड घ्यायची तर २५० सीसीची युटिलिटीच घ्या. पटत नसेल त्यांनी मुद्दे मांडा

धरमपेठी:
नागपूरजवळ काटोल, कळमेश्वर, सावनेर भागात ज्यांची वावरं किंवा फार्महाउस आहेत, असे बरेच जण सध्या क्वाड, म्हणजे जाड टायरांची, हँडलवाली चारचाकी बाइक, बघत आहेत. शेतीकामासाठी नाही, सुटीच्या दिवशी मातीत फिरायला. आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न सीसीचा. माझं मत स्पष्ट आहे: शर्यत लावायची नसेल तर सामानाचे रॅक असलेली, २००-२५० सीसीची साधी युटिलिटी क्वाड घ्या. वेगासाठी बनवलेली स्पोर्ट क्वाड नको आणि ५०० च्या वरची फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, तीही नको.

सगळ्यात मोठं कारण वजन. होंडाची रिकॉन घ्या: २२९ सीसी, एअर-कूल्ड इंजिन, ताकद फक्त मागच्या चाकांना, वजन २०० किलोच्या आसपास. पाचशेच्या वर्गातल्या फोर-बाय-फोर ३०० च्या घरात जातात. नाल्याच्या काठावर मागचं चाक घसरून गाडी तिरपी अडकली की हा शंभर किलोचा फरक कळतो. हलकी गाडी दोघं मिळून मागून उचलून सरळ करतात. जड गाडीची विंच (गाडी ओढून काढायची दोराची चरखी) बांधायला आधी धड झाड शोधावं लागतं.

दुसरं, शाफ्ट, म्हणजे चेनऐवजी इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा बंद दांडा. काळी माती आणि मुरमाची कच मिळून चेन खाऊन टाकतात. रिकॉनला शाफ्ट आहे, काही वर्षं भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या सुझुकीच्या ओझार्क २५० लाही आहे. दोन्हींना क्लचचा लिव्हर नाही, पण गिअर आपणच टाकायचे. उतारावर पहिल्या गिअरमध्ये सोडली की इंजिनच गाडी धरून ठेवतं. बेल्टवर चालणाऱ्या स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये थ्रॉटल सोडला की क्लच सुटतो, गाडी मोकळी धावते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नाल्यातून जाताना बेल्ट ओला झाला तर तो घसरतो, ते वेगळंच.

महालकर:
दादा, वजनाचं पटलं, टू-व्हील-ड्राइव्हचं नाही. मृग लागला की तुमची रिकॉन दसऱ्यापर्यंत शेडमध्येच उभी राहणार. बंधाऱ्याचा ओला चढ मागच्या दोन चाकांवर चढत नाही. फोर-बाय-फोर हवी तेव्हा लावता येते, लो रेंज टाकून गाडी चालत्या माणसाच्या वेगाने चढवता येते. आणि एअर-कूल्ड इंजिन आपल्याकडे? मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, गाडी ताशी दहाने चाललेली, इंजिनाला वारा लागणार कुठून? पंखा आणि रेडिएटर असलेलीच गाडी नागपूरला चालेल.

धरमपेठी:
मे महिन्यात दुपारी माणसानेही बाहेर पडू नये, गाडीचं तर सोडाच. पहाटे निघून नवाच्या आत परतायचं. कमी ताकदीचं इंजिन तेवढ्यात तापत नाही. फक्त तेल वेळेआधी बदलत जा.

चिखलाचं मात्र नीट बोलू. आपली काळी जमीन ओली झाली की टायरच्या नक्षीत भरते आणि चाक गुळगुळीत होतं. मागची दोन गुळगुळीत होती तिथे आता चारही होतात. मग ती मडगार्डखाली साचते आणि चाक फिरायचंच थांबतं. फोर-बाय-फोरवाला त्याच चिखलात वीस पावलं पुढे जाऊन अडकतो, आणि त्याला काढणं अवघड. वर आपल्याच वावरात खोल चाकोऱ्या पडतात, माती दाबली जाते. पावसाळ्यात मुरमाड बरड जमिनीवर फिरा, तिथे दोन चाकं पुरतात.

पांदणवाला:
भाऊ, तुम्ही दोघं गाडीचंच बोलून राहिले. चालवणार कुठं, ते कोणीच नाही बोलून राहिलं.

तुमचं वावर दहा एकराचं असन. त्यात एक चक्कर मारली का मन भरते, मग गाडी निघते पांदणीवर. पांदण आमची वावरात जायची वाट आहे. तिथून बंडी जाते, बकऱ्या जातात, निंदणाले बाया जातात. कापूस फुटला असताना धुऱ्याजवळून, म्हणजे बांधाजवळून, चार गाड्या गेल्या का बोंडावर धूळ बसते आणि भावात मार आम्हाले बसते.

कायदाही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ३९ म्हणते का नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी चालवता येत नाही. आणि लोकांचा जायचा हक्क आहे ती वाट सार्वजनिकच, डांबर असो का माती. गाडी बंद आवारातच वापरतो म्हणणाऱ्याने फाटकाच्या आतच राहावं. जंगलाचं तर नावच नको. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. उमरेड-कऱ्हांडला, पेंच, तिकडे तर वन्यजीव कायदा लागते. माह्यं म्हणणं सरळ आहे: सलग मोठी जागा नसन तर क्वाड घेऊच नका.

गिट्टीखदान:
नोंदणी होणारी क्वाड आहे की. पोलारिसने २०१९ मध्ये स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेऊन आणली, किंमत आठ लाखांच्या आसपास होती. नंबर प्लेट लावा, विमा काढा, पांदणीवरून उजळ माथ्याने जा. छोट्या क्वाडला हे नाही, म्हणून मी तरी मोठीच घेणार.

पांदणवाला:
प्लेट लागली म्हणून धूळ कमी उडत नाही, भाऊ. आणि ट्रॅक्टर म्हणून नोंदवली तर ती शेतीच्या कामाले आहे. तुम्ही मौजेसाठी बघून राहिले.

धरमपेठी:
पांदणीबद्दल दादांचा शब्द मान्य. डांबरावर क्वाड न्यायची नाही हे तर मीही सांगतो, आणि त्याला कायद्याइतकंच यंत्राचं कारण आहे. या छोट्या गाड्यांचा मागचा अॅक्सल अखंड, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही. वळताना आतलं चाक घसरावं लागतं. मातीत ते घसरतं; डांबरावर धरून बसतं, आणि गाडी हँडल न जुमानता सरळ जाऊ बघते.

रामटेकची लेक:
"छोटी म्हणून सुरक्षित" हा समज या चर्चेत गृहीत धरला जातोय, माझी हरकत त्यावर आहे. हलकी क्वाड अरुंद असते आणि ८० किलोचा माणूस २०० किलोच्या गाडीवर बसला की एकूण वजनातला मोठा वाटा वर जातो. धुऱ्यावरून आडवी चालवताना ती सहज कलंडते. ऑस्ट्रेलियात शेतावर क्वाड उलटून इतकी माणसं दगावली, की ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या युटिलिटी क्वाडला उलटल्यावर माणूस चिरडू नये म्हणून संरक्षक कमान सक्तीची झाली. आडव्या उतारावर २८.८१ अंशांपर्यंत दोन चाकांवर यायचं नाही, ही अटही घातली. होंडा आणि यामाहा कमानीला विरोध करून त्या बाजारातून निघून गेल्या. आपल्याकडे आणलेल्या गाडीवर ना कमान, ना उताराच्या कोनाचं लेबल.

आणि रॅकवर पोरं बसवणं थांबवा. रॅक सामानाचा आहे, सीट एकाच माणसाची आहे. अमेरिकेत मोठ्यांसाठी बनवलेली क्वाड १६ वर्षांखालच्या मुलाला देऊ नये असा दंडक आहे. इथे फार्महाउसवर दहा वर्षांच्या मुलाच्या हातात २५० देतात आणि मोठी माणसं व्हिडिओ काढत उभी राहतात.

धरमपेठी:
ताई, मुलांबद्दल एक शब्दही खोडणार नाही. पण माणसाच्या वजनाचा मोठा वाटा हीच हलक्या गाडीची ताकदही आहे. वळताना अंग आत झुकवून बाहेरच्या पायावर भार दिला की ती ऐकते. ३३० किलोची गाडी तुमचं झुकणं फारसं मनावर घेत नाही. कमान गाडीच्या मागच्या बाजूला बसवून घेता येते, मी तर बसवाच म्हणेन. आणखी एक: या टायरांत हवा तीन ते पाच पीएसआयच लागते, पेट्रोल पंपाचा गेज इतकं कमी नीट दाखवत नाही. कमी दाबाचा गेज घ्या. जास्त हवा भरलेली क्वाड दगडावरून उसळते, कलंडायला तेवढं निमित्त पुरतं.

रामटेकची लेक:
झुकायचं कसं हे शिकलेल्या माणसाला ठीक. विकत घेणाऱ्यांपैकी शिकतो कोण? शिकवायची सोय नसलेल्या गाडीची शिफारस मी करणार नाही.

संत्रावाला:
मी बागेत १५० सीसीची चिनी चेनवाली वापरतो, संत्र्याचे कॅरेट वाहायला. धरमपेठी भाऊंनी सुट्या भागांचा विषयच काढला नाही. रिकॉन आपल्याकडे अधिकृत नाही. शाफ्टचं सील गेलं तर बाहेरून मागवा आणि हंगामभर थांबा. माझ्या गाडीचं इंजिन मुळात स्कूटरचं, काटोलचा कोणताही मिस्त्री उघडतो. बेल्टचे, ब्रेकचे दोष तुम्ही सांगता ते सगळे आहेत, म्हणून मी उतारावर नेत नाही. चेन दरवर्षी बदलतो. बाभळीचा काटा रुतला की प्लग मारून जागेवरच पंक्चर काढतो. शाफ्टवाली २५० घ्या असं सांगताना तिचे भाग नागपुरात कुठे मिळतात तेही सांगा, तरच मी माझी विकायला काढतो.