आईच्या गुडघ्यासाठी इंजेक्शन, नस बधिर करणे की सांधेरोपण?

लालबागकर
आईचे वय 68 असून तिला मधुमेह आहे. उजव्या गुडघ्यातील गादी झिजली आहे. आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. ती कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आडवी उतरते. एका डॉक्टरांनी सांधेरोपण सुचवले, दुसऱ्यांनी पीआरपी (स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट्सचे गुडघ्यात इंजेक्शन) किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने नस बधिर करणे, तर तिसरे म्हणतात की दुर्बिणीने गुडघा साफ करून घ्या. छोट्या उपचारांनी शस्त्रक्रिया खरोखर टळते का?

निवृत्त फिजिओ, मुलुंड
दुर्बिणीचा पर्याय आधी बाजूला ठेवावा. अमेरिकेत झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 180 रुग्णांच्या चाचणीत काहींच्या गुडघ्यावर केवळ वरवरचे छेद देऊन टाके घातले होते, आणि दोन वर्षांनंतरही त्यांच्या व खरी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वेदनेत फरक आढळला नाही. छेद लहान असला म्हणून तो मधला मार्ग ठरत नाही. पीआरपीचे म्हणाल, तर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील 288 रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर ते सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. तेही सौम्य ते मध्यम झिजेत. रेडिओफ्रीक्वेन्सीत गुडघ्याची वेदना वाहणाऱ्या बारीक नसा उष्णतेने निकामी करतात. आराम साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो, पण नसा पुन्हा वाढतात आणि झीज किंवा पायाचा बाक आहे तसाच राहतो. तो उपचार करायचाच असेल, तर आधी भूल देणाऱ्या इंजेक्शनने त्या नसा तात्पुरत्या बधिर करून आराम पडतो का, ते पाहून घ्यावे.

दादरची सून
खर्चाविषयी थोडेसे. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत जीएसटी वगळून 54,720 रुपये ठरली होती. खोली, भूल आणि शल्यविशारदाचे शुल्क त्यात येत नाही, म्हणून अंदाजपत्रकात सांध्याची रक्कम वेगळी लिहून मागावी. आणखी एक गोष्ट, जी फार कमी जण आपणहून सांगतात: स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही दिवस साखर वाढते, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत सांधेरोपण केल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

निवृत्त फिजिओ, मुलुंड
वरील मुद्दा फार महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रिया टळण्याबद्दल सांगायचे, तर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील 100 रुग्णांच्या अभ्यासात सांधेरोपणाने वेदना अधिक कमी झाली, मात्र गंभीर गुंतागुंतही अधिक झाली. व्यायाम, आहार आणि औषधे यांवर राहिलेल्यांपैकी साधारण चौघांत एकानेच वर्षभरात सांधा बदलून घेतला. आईंचा एक्स-रे उभ्याने काढला होता का? झोपून काढलेल्या फिल्ममध्ये हाडांमधील फट असते त्याहून जास्त दिसू शकते.

लालबागकर
झोपवूनच काढला होता. या आठवड्यात उभ्याने काढून घेतो आणि साखरेचा तीन महिन्यांचा अहवालही सोबत नेतो.