शिवाजी पार्क: सरसकट हिरवळ नको, आधी माती दाबा

मुंबईत दादरच्या शिवाजी पार्क मैदानातल्या धुळीवर उपाय म्हणून अख्ख्या मैदानावर हिरवळ लावायची सूचना आली आहे. दिसायला छान, पण टिकणार नाही. जिथे रोज क्रिकेटच्या सरावाची डझनभर नेट लागतात तिथे गवताची मुळं धरतच नाहीत. कडेला, मैदानाभोवतीच्या बसायच्या कट्ट्यालगत लावा, तिथे जगेल.

धूळ होते ती वरच्या भुसभुशीत थरामुळे. पावसानंतर माती वाळते, बुटांखाली तिचं पीठ होतं. त्यावर दरवर्षी नवी बारीक लाल माती टाकणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची बेगमीच! त्याऐवजी पावसाळा सरला की सुटा थर खरवडून काढा, जाडसर मुरूम मिसळा, ओलावून रोलर फिरवा. ओल किती हवी? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, हाताला चिकटू नये आणि खाली टाकला की फुटावा. जास्त ओल असली तर माती रोलरला चिकटून पापुद्रे निघतात, कमी असली तर थर बसतच नाही.

पाण्याचा हिशेबही करा. मैदान साधारण 28 एकर, म्हणजे नुसता 1 मिमी शिडकावा म्हटला तरी एक लाख तेरा हजार लिटरच्या आसपास. पिण्याचं पाणी यासाठी वापरणं मला पटत नाही. साठवलेलं पावसाचं किंवा प्रक्रिया केलेलं सांडपाणी हवं.

कट्ट्याला ग्रॅनाइट नकोच. दुपारी तापतो, पावसात निसरडा होतो. आणि फेरीच्या वाटेवर पेव्हर बसवताना झाडाच्या बुंध्याभोवती किमान मीटरभर माती उघडी सोडा.