बोअरच्या पाण्यावरचा ७ वर्षांचा गीझर: कॉइल बदलू की नवाच घेऊ?

नववा_मजला:
२५ लिटर, २००० वॉट, उभा गीझर. टाकी आतून काचेचा लेप दिलेली, तिची वॉरंटी संपली आहे. पाणी बोअर आणि टँकरचे, गच्चीवर प्रेशर पंप. त्रास चार आहेत: तापताना कटकट आवाज येतो, दिवा १२-१५ मिनिटांत विझतो पण गरम पाणी जेमतेम एक बादली मिळते, सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात, आणि महिनाभरापासून गीझर लावल्यावर कधी कधी घराचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. प्लंबर म्हणतो कॉइल बदला. माणसे चार, आंघोळ बादलीने. काय करावे?

तांब्याची_तार:
आधी आरसीसीबीचे बघा, बाकीचे नंतर. तोवर गीझर बंदच ठेवा. "आरसीसीबी नाजूक आहे, काढून टाकू" असे कोणी म्हणाले तर त्याला गीझरला हात लावू देऊ नका. आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो आणि न्हाणीघरात जीव वाचवणारी वस्तू तीच आहे.

गीझरचा एमसीबी (बोर्डातला वीज तोडायचा खटका) पाडा, खालचे झाकण काढा, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवा. दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावला की २००० वॉटच्या कॉइलला साधारण २६ ओहम दिसायला हवेत. मग एकेक टोक आणि टाकीचा धातू यांत मोजा, तिथे काहीच जोडणी दिसता कामा नये. पण मल्टिमीटर इथे फसवतो, कारण त्याचे व्होल्टेज फार थोडे. इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वीजगळती तपासायचे मीटर) तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आले तर कॉइलच्या नळीला भेग पडून आत ओल गेली आहे, ती बाद.

प्लगही बघा. हा गीझर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो. १६ अँपिअरचा सॉकेट आणि निदान २.५ चौरस मिमी तांब्याची वायर लागते. पिना काळ्या पडल्या असतील तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला.

खडखडीत_पाणी:
कटकट म्हणजे कॉइलवर बसलेला क्षार. थराखाली अडकलेले पाणी तिथल्या तिथे उकळते आणि वाफ थर फोडून बाहेर पडते. थरामुळे पाणी उशिरा तापते असे सगळे म्हणतात, पण कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. नुकसान वेगळे आहे: थराखाली कॉइल स्वतः जास्त तापते आणि तडकते. शिवाय थर्मोस्टॅटची नळी त्याच क्षारात गुरफटली की त्याला टाकीऐवजी कॉइलचीच ऊब लागते आणि तो लवकर वीज तोडतो. २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला २००० वॉटला अर्धा तास लागतोच. तुमचा दिवा १२ मिनिटांत विझतो, म्हणजे हेच झाले असावे. तळाशी गाळ असेल तर तेवढी जागाही गेली.

थेंब फक्त तापतानाच पडत असतील तर व्हॉल्व्ह बिघडलेला नाही. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापताना सुमारे ३५० मिली फुगते, ते बाहेर पडायलाच हवे. ते तोंड कधीही बुजवू नका! दिवसभर टपटप चालू असेल तर क्षाराने व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा पंपाचा दाब जास्त आहे.

आता टाकी उघडा. एमसीबी बंद, अँगल कॉक बंद, गरम नळ उघडा, मग दोन्ही पाइप सोडवा. गरम पाण्याची नळी आत वरपर्यंत गेलेली असते, तिथून हवा शिरते आणि थंड बाजूने पाणी उतरते. व्हॉल्व्ह त्या बाजूला पाणी अडवतो, म्हणून तोही काढा. वायरींचा फोटो घेऊन ठेवा, मग प्लेटचे नट. बहुतेक गीझरमध्ये कॉइल, थर्मोस्टॅटची नळी आणि मॅग्नेशियमचा रॉड एकाच प्लेटवर असतात. गाळ हाताने किंवा लाकडी पट्टीने काढा. स्क्रूड्रायव्हरने खरवडले की काचेचा लेप उडतो आणि तिथेच गंज धरतो. कॉइल चांगली असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून दोन-तीन तास बुडवा. संडास धुण्याचे ॲसिड नको, ते तांबे आणि उघडे पडलेले पोलाद दोन्ही खाते.

तुमचा निर्णय त्या रॉडवर आहे. टाकीऐवजी स्वतः झिजायचे हेच त्याचे काम. रॉड उरला असेल आणि टॉर्चने टाकी स्वच्छ दिसली तर कॉइल, गॅस्केट, रॉड नवे घाला. नुसती तार उरली असेल तर टाकी कधीपासूनच झिजते आहे, त्यात नवी कॉइल घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

नववा_मजला:
उघडले. कॉइल २७ ओहम, मेगरवर ०.२ मेगाओहम. रॉडच्या जागी काळी तार, तळाच्या जोडाशी लाल गंज, पाणीही तांबूस. ती जागा वेल्डिंग करून मिळेल का?

खडखडीत_पाणी:
नाही. उष्णतेने आजूबाजूचा लेप तडकतो आणि महिन्याभरात शेजारून गळते. टाकी गेली.

तांब्याची_तार:
मग नवा घ्यायचा, तर मापाचा हिशोब असा. १८ लिटरची ४० अंशांची बादली करायला ६० अंशांचे साधारण ८ लिटर पाणी लागते. थंडीत नळाचे पाणी १८ अंशांवर आले की साडेनऊ. २५ लिटरमधून खरे गरम पाणी २० लिटरच्या आसपास निघते, कारण थंड पाणी आत शिरून मिसळत जाते. म्हणजे दोन ते अडीच बादल्या, मग अर्धा तास थांबायचे. चौघांना लागोपाठ आंघोळी असतील तर १५ लिटरचा विचारही नको. उभाच घ्या, आडव्यात मिसळ जास्त होते.

प्रेशर पंप असल्याने टाकी ८ बारची बघा. स्टार लेबल बघा, पण रोज सकाळी तासभरच लावत असाल तर एका स्टारसाठी फार पैसे मोजू नका; स्टार म्हणजे दिवसभर चालू ठेवल्यावर वाया जाणारी उष्णता. त्यापेक्षा इनकोलॉयची (निकेलचा गंज न धरणारा मिश्रधातू) किंवा काचलेपाची कॉइल आणि बाजारात सहज मिळणारा रॉड याला जास्त महत्त्व द्या. रॉड बाहेरून, प्लेट न उघडता काढता येत असेल तर उत्तमच.

भिंत कसली आहे? पाणी भरल्यावर वजन ३५ किलोच्या आसपास जाते. एएसी ब्लॉक (हलकी, सच्छिद्र सिमेंटची वीट) असेल तर साधे फास्टनर सुटतात, केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट) किंवा आरपार बोल्ट लावा. गरम लाइन सीपीव्हीसीसारख्या, गरम पाणी सोसणाऱ्या पाइपचीच हवी. गरम नळातून सलग धार येईपर्यंत वीज लावायची नाही. कोरडी कॉइल क्षणात जळते.

थर्मोस्टॅट ६० वर ठेवा, त्यापुढे क्षार भराभर बसतो. आणि पहिला रॉड १२ महिन्यांनी काढून बघा. अर्ध्याहून कमी उरला असेल तर लगेच बदला आणि पुढचा १० महिन्यांनी तपासा. प्लेट उघडली की गॅस्केट दर वेळी नवे, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.