बैठकीतले व्हायोलिन: वाद्य कुठे टेकवावे, डावा अंगठा कसा ठेवावा, गज कसा धरावा?

ठाणेकर_नवशिका (प्रश्न)

नमस्कार. चाळिशीच्या उंबरठ्यावर मी हिंदुस्थानी पद्धतीचे व्हायोलिन शिकू लागलो आहे. आमच्या वर्गात जमिनीवर मांडी घालून, उजवे पाऊल पुढे काढून आणि व्हायोलिनचा स्क्रोल (खुंट्यांपलीकडचे वळलेले टोक) त्या पायाच्या घोट्यापाशी टेकवून वाजवायला शिकवतात. वर्ग आठवड्यातून एकदाच असल्यामुळे मधल्या दिवसांत काही अडले की मी महाजालावरील चित्रफिती पाहतो. त्यांतले बहुतेक शिक्षक पाश्चात्त्य पद्धतीचे असून ते उभे राहून, वाद्य खांद्यावर ठेवून आणि जबड्याचा आधार देऊन वाजवतात. परिणामी माझ्या बैठकीत दोन्ही पद्धतींची सरमिसळ झाली आहे. मी बसतो भारतीय पद्धतीने, पण मान वाकवून हनुवटी चिन रेस्टवर (वाद्यावरच्या हनुवटीच्या टेकूवर) दाबून धरतो.

थोडा वेळ वाजवले की डाव्या अंगठ्याचे मूळ दुखू लागते. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) घेताना हाताबरोबर वाद्यही ओढले जाते. गजाची तक्रार निराळीच आहे. गज मुठीजवळ (धरतो त्या बाजूला) असताना आवाज खरखरतो आणि टोकाकडे गेला की सूर विरळ होतो. उजव्या हाताची करंगळी ताठ होते, ती काही केल्या सैल पडत नाही.

या दोन पद्धतींपैकी बरोबर कोणती, की दोन्हींतले थोडे थोडे घेतले तर चालते? अंगठ्याचे दुखणे सवयीने जाते, की मुळातच काही चुकते आहे? गुरुजींना विचारणारच आहे, परंतु पुढच्या वर्गापर्यंत चुकीचे वळण पक्के होऊ नये, म्हणून येथील जाणकारांना विनंती करत आहे.

तंतुवाद्य_पुणे

दोन्ही पद्धती बरोबर आहेत, मात्र त्यांची सरमिसळ चालत नाही. दोन्हींत वाद्याचा भार वेगवेगळ्या ठिकाणी विसावतो आणि त्यावरच बाकीचे सगळे अवलंबून असते. उभे राहून वाजवताना वाद्य गळपट्टीच्या हाडावर टेकते आणि जबड्याच्या भाराने जागेवर राहते. आपल्या बैठकीत ते डाव्या गळपट्टीच्या खाली छातीला टेकते आणि दुसऱ्या बाजूने उजव्या पायाच्या घोट्यावर विसावते. या बैठकीत हनुवटीला काहीच काम नाही. आपण तिला काम दिल्यामुळे मान वाकली, मानेपाठोपाठ डावा खांदा उचलला गेला, वाद्य छातीवरून सुटले, आणि सुटलेले वाद्य सावरण्याची जबाबदारी अंगठ्यावर आली. अंगठा दुखतो तो याच कारणाने. हे दुखणे सवयीने जाणार नाही.

ही बैठक रूढ होण्यामागे संगीताची गरज आहे. कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांच्यानंतर दक्षिणेत हे वाद्य गायनाच्या साथीला बसले आणि गमकासाठी (स्वर हेलकावून घेण्यासाठी) डावा हात पूर्ण मोकळा असणे अपरिहार्य ठरले. आपल्याकडे वि. गो. जोग, दा. के. दातार, एन. राजम् अशा वादकांनी हेच वाद्य ख्यालापर्यंत नेले. राजम् यांचे शिक्षण आधी कर्नाटक पद्धतीने झाले आणि नंतर पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. गायकी अंगाने, म्हणजे गळ्यातून गायल्यासारखे, वाजवायचे म्हणजे एकाच बोटाने तारेवर लांबवर जायचे, वाटेत श्रुतींना (स्वरांमधल्या सूक्ष्म जागांना) स्पर्श करायचा आणि तसेच परत यायचे. ज्या हाताने हे करायचे, त्याच हाताला वाद्य उचलून धरायला लावले, तर मींड अडखळणारच.

आता प्रत्यक्ष बसण्याविषयी. बुडाखाली घडी केलेली घोंगडी किंवा तीन-चार इंचांची घट्ट उशी घ्यावी, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठीला बाक येत नाही. उजवे पाऊल पुढे काढून गुडघा बाहेरच्या अंगाला सैल सोडावा आणि स्क्रोल घोट्याच्या आतल्या बाजूला टेकवावा. पाऊल किती पुढे ठेवायचे, येथे बहुतेक नवशिके गोंधळतात. पाऊल आधी ठेवून मग वाद्य तिथपर्यंत पोहोचवायला गेले की धड पुढे झुकते. म्हणून आधी ताठ बसावे, वाद्य छातीला लावावे, स्क्रोल सहज जिथे येईल तिथे पाऊल आणावे. मग डावा हात पूर्णपणे काढून घ्यावा आणि गजही खाली ठेवावा. वाद्य न घसरता, न फिरता राहिले पाहिजे. दोन्ही हात मोकळे असताना जे वाद्य स्थिर राहत नाही, ते हात लावल्यावर अंगठ्याच्या जिवावरच स्थिर राहते.

अंगठ्याची जागा साधारणपणे पहिल्या बोटासमोर, वाद्याच्या मानेच्या (बोटे फिरतात त्या दांड्याच्या) बाजूला असते. तो तिथे फक्त स्पर्श करून असतो. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात वाद्याची मान खोल रुतू देऊ नये. मधून उजेड दिसेल इतकी फट राहावी. मींड घेताना अंगठा हाताबरोबर सरकला पाहिजे. आपला अंगठा बहुधा जागीच घट्ट राहतो आणि बोटे पुढे जातात, त्यामुळे वाद्य ओढले जात असावे.

बोटाने तार किती दाबावी यासाठी एक प्रयोग सांगतो. एका तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसते टेकवा, दाबू नका, आणि गज लांब ओढा. वरच्या सप्तकाचा बासरीसारखा स्वर निघेल. आता गज तसाच चालू ठेवून बोटाचा भार अगदी हळूहळू वाढवा. मध्ये एक घोगरा टप्पा येतो आणि त्यानंतर स्वर स्वच्छ भरीव होतो. तो भरीव झाला त्या क्षणी थांबा, कारण त्याहून जास्त दाबल्याने स्वरात काहीही भर पडत नाही. आपण रोज किती दाबत होतो याचा अंदाज या प्रयोगाने येतो.

मडगावचा_सूर

मी पाश्चात्त्य पद्धतीने शिकलो आणि तीच शिकवतो. त्यामुळे बैठकीबद्दल वरच्या उत्तरात भर घालणार नाही. एक गोष्ट मात्र नोंदवतो. आमच्या पद्धतीतही हनुवटी दाबायची नसते. डोके किंचित डावीकडे वळवून त्याचे स्वतःचे वजन चिन रेस्टवर सोडायचे असते. हा चिन रेस्टही तसा अलीकडचाच. लुई श्पोर या जर्मन वादकाने तो १८२०च्या सुमारास आणला. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना गायनासोबत व्हायोलिन शिकवण्याची परंपरा होती आणि माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक त्यातूनच मुंबईच्या चित्रपटसंगीतात पोहोचले. उभे राहून वाजवण्याचा आमचा बाज तिथला आहे. तो पाहून बैठकीत वाजवणाऱ्याने आपली मान वाकवण्याचे काही कारण नाही.

गजाविषयी मात्र सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते दोन्ही पद्धतींना बहुतांशी सारखेच लागू पडते. गज सुमारे ७५ सें.मी. लांब आणि साधारण ६० ग्रॅम वजनाचा असतो. वस्तू हलकी असली तरी ती एका टोकाला धरायची असल्याने उरलेला सगळा भाग हाताला खाली ओढतो. तो तोल सांभाळणे हे करंगळीचे काम. ती वाकलेली असून तिचे अग्र गजाच्या लाकडी काडीच्या वरच्या कडेवर उभे असले पाहिजे. ताठ करंगळी तोल सांभाळू शकत नाही, मग तर्जनी आणि अंगठा गज आवळतात आणि मुठीजवळ सूर खरखरतो. मुठीजवळ हाताचे वजन तारेवर थेट येत असल्यामुळे तिथे करंगळीने ते उचलून धरायचे असते. टोकाकडे परिस्थिती उलटी असते. तिथे वजन पोहोचतच नाही, म्हणून तर्जनीतून ते हळूहळू द्यायचे. आपला सूर टोकाशी विरळ होतो त्याचे कारण हेच. एकच दाब पूर्ण गजभर ठेवला की दोन्ही तक्रारी एकाच वेळी येतात.

उजवा अंगठा वाकलेला ठेवून त्याचे अग्र फ्रॉग (गजाच्या मुठीकडचा ठोकळा) आणि काडी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, मधल्या बोटासमोर टेकवावे. अंगठा आतल्या बाजूला दुमडला किंवा सरळ झाला की मनगट कुलूपबंद होते. सुरुवातीला फ्रॉगपाशी न धरता, फ्रॉगकडच्या टोकापासून सुमारे २५ सें.मी. अंतरावर, जिथे गज एका बोटावर आडवा तोलून राहतो, तिथे धरून पाहावे. तिथे वजन जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळे बोटांना सैल आकार आठवणीत ठेवता येतो. मग तोच आकार न मोडता हात थोडा थोडा मागे सरकवत फ्रॉगपर्यंत आणावा. व्हायोलिन हातात न घेता, गज उभा धरून करंगळी वाकवणे आणि सरळ करणे हा व्यायामही दूरचित्रवाणीवरच्या बातम्या पाहता पाहता होऊ शकतो.

गज घोडी (तारा जिच्यावरून जातात ती उभी पट्टी) आणि फिंगरबोर्ड (बोटे टेकतात ती काळी पट्टी) यांच्या मधोमध, घोडीला समांतर चालला पाहिजे. खाली पाहून हे कळत नाही, कारण वरून पाहताना सगळेच सरळ दिसते. आरसा बाजूला ठेवावा. बहुतेकांचा गज टोकाकडे जाताना मागे, पाठीकडे वळतो. तिथे कोपर उघडून हात पुढे जाऊ द्यावा लागतो. केसांचा ताणही तपासावा. मध्यभागी काडी आणि केस यांच्यात पेन्सिलीच्या जाडीइतके अंतर पुरते, आणि वाजवून झाल्यावर स्क्रू सैल करून ठेवावा. राळ मात्र बेताने लावावी. खरखर झाली की जास्त राळ लावणे हा नवशिक्यांचा आवडता उपाय आहे, आणि त्याने खरखर वाढते.

सांधे_स्नायू_कोल्हापूर

मी भौतिकोपचार (फिजिओथेरपी) करते, वादक नाही. त्यामुळे वाद्याबद्दल काही सांगत नाही. अंगठ्याच्या मुळाशी होणारे दुखणे आवळून धरल्याने येते, हे वर आलेच आहे. तरीही अधूनमधून अंगठ्याला विश्रांती द्यावी आणि दुखत असताना रियाज पुढे रेटू नये. अनामिका आणि करंगळी यांना मुंग्या येत असतील, तर ती निराळी गोष्ट आहे. कोपर बराच वेळ मुडपून ठेवल्याने तिथल्या चेतातंतूवर ताण आल्याचे ते लक्षण असू शकते, आणि तेव्हा वाट न पाहता तपासून घ्यावे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी मांडीचा आग्रह धरू नये. खुर्चीवर बसून खांद्यावरची पद्धत शिकणे हा त्यांच्यासाठी योग्य मार्ग आहे.

ठाणेकर_नवशिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हात काढून पाहण्याची परीक्षा केली. वाद्य लगेच घसरले. पाऊल जवळ आणल्यावर बरेच स्थिर झाले, तरी छातीकडचे टोक गुळगुळीत सदऱ्यावरून खाली सरकते. त्यासाठी शोल्डर रेस्ट (वाद्याखाली लावायचा खांद्याचा टेकू) लावावा काय? आणि स्वरांच्या जागा कळाव्यात म्हणून फिंगरबोर्डवर चिकटपट्ट्या लावल्या, तर ते योग्य की अयोग्य?

तंतुवाद्य_पुणे

बैठकीत शोल्डर रेस्ट लागत नाही. खांदा मुळात त्या जागी नसतोच. वाद्य आणि सदरा यांच्या मध्ये जाड सुती रुमाल ठेवावा किंवा खडबडीत कापडाचा सदरा घालावा. रुमाल घामही टिपतो आणि लाकडाच्या वार्निशचेही रक्षण करतो.

चिकटपट्ट्यांबद्दल आमच्यात दोन मते आहेत आणि माझे मत त्यांच्या विरोधात आहे, निदान मींडप्रधान वादनासाठी. पट्टी डोळ्यांना जागा दाखवते, आणि डोळे पट्टीवर गेले की मान पुन्हा खाली येते, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच आपण येतो. त्याऐवजी अंतरांची कल्पना एकदा नीट करून घ्यावी. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर तारेची वाजणारी लांबी सुमारे ३२८ मि.मी. असते. मोकळी तार सा मानली तर शुद्ध रे खुंट्यांकडच्या टोकापासून सुमारे ३६ मि.मी.वर, शुद्ध ग ६६ मि.मी.वर, म ८२ मि.मी.वर आणि प १०९ मि.मी.वर येतो. रे आणि ग यांच्या मधले अंतर सुमारे ३० मि.मी., तर ग आणि म यांच्या मधले जेमतेम १६ मि.मी. असल्यामुळे ग आणि म यांसाठी बोटे जवळजवळ चिकटून बसतात. नवशिक्यांचा म चढा लागतो तो बोटे सारख्या अंतरावर टाकल्यामुळे.

तंबोरा लावून एकाच तारेवर, एकाच बोटाने, मोकळ्या सा वरून रे पर्यंत आणि रे वरून ग पर्यंत सावकाश मींड घ्या. गज एकच, लांब आणि हलका ठेवा. बोटाचा भार तारेवरून उचलू नका, फक्त तो तळाशी दाबण्याइतका होऊ देऊ नका. बोट सरकत नसेल, तर त्याच्या अग्राला नावापुरते खोबरेल तेल लावणारे वादक आहेत. ते तेल गजाच्या केसांना लागू देऊ नये, नाहीतर केस धरत नाहीत. ग पाशी पोहोचल्यावर एकदा थांबून अंगठ्याकडे लक्ष द्या. तो बोटाबरोबर पुढे आला असेल तर पुढे म घ्या, मागे राहिला असेल तर परत सा पासून.