मदत हवी आहे: कोणतं यंत्र कोणत्या खोलीत, याचा डेटाबेस कसा उभा करावा?

नमस्कार मंडळी,

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयात मी नेटवर्क सांभाळतो, एकटाच. तीन इमारती, १९ मॅनेज्ड स्विच (केबली एकत्र जोडणारी, दुरून तपासता येणारी यंत्रं), साधारण ३४० संगणक, वर प्रिंटर आणि लॅबमधली यंत्रं. काय कुठे आहे याची नोंद म्हणजे जुनी एक्सेल फाइल. तिच्यात जिथे 'जुनी ओपीडी' लिहिलंय तिथे आता डायलिसिस चालतं.

गेल्या महिन्यात कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या आय-ओला (नेटवर्कच्या सॉकेटला) जोडला, तोही लॅन पोर्टमधून. तो आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, वाटायला लागला. औषध भांडार आणि लॅबमधले संगणक १९२.१६८.० च्या पत्त्यांवर गेले, वॉर्डात रिपोर्ट दिसेनात. एका अडकलेल्या संगणकावरून राउटरचा मॅक (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) काढला, स्विचवर शोधला, दहा मिनिटांत पोर्ट सापडला: पहिला मजला, पोर्ट १७. पण तो बंद करायला हात धजेना. त्याच पोर्टवर आणखी सहा मॅक दिसत होते, म्हणजे पुढे कुणीतरी छोटा स्विच लावलेला. त्यातलं एखादं यंत्र अतिदक्षता विभागातलं असलं तर? पॅच पॅनेलवरची (आय-ओच्या केबली जिथे येऊन मिळतात त्या पट्टीवरची) लेबलं गळून गेलेली. खोल्या धुंडाळण्यात अडीच तास गेले, आणि तेवढा वेळ नर्स कागदावरचे रिपोर्ट घेऊन जिने चढत होत्या. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

आता एक तक्ता केलाय: संगणकाचं नाव, मॅक, आयपी, खोली. स्विचवरून मॅक आणणारी स्क्रिप्टही आहे, रात्री चालते. पण अर्धे संगणक दिसतच नाहीत, आणि जे दिसतात ते दोन-तीन स्विचवर एकदम दिसतात. खोलीचा रकाना तर दर आठवड्याला खोटा ठरतो. कुठे चुकतंय?

प्रतिसाद

खोली तुम्ही संगणकाला चिकटवलीत, तिथे चुकतंय. संगणक हलतो, भिंतीतला आय-ओ हलत नाही. तीन तक्ते करा. पहिल्यात आय-ओचा क्रमांक आणि खोली. हा हातानेच भरावा लागेल, पण एकदाच. दुसऱ्यात कोणता आय-ओ पॅच पॅनेलवरून कोणत्या स्विच पोर्टला जातो. तिसरा स्क्रिप्टने भरायचा: पोर्ट, मॅक, पहिल्यांदा कधी दिसला, शेवटचा कधी दिसला. जुनी ओळ पुसू नका, यंत्र कुठून कुठे गेलं ते त्यातूनच कळतं.

स्विच न बोलणाऱ्या यंत्राचा मॅक साधारण ३०० सेकंदांत विसरतो, म्हणून स्क्रिप्ट रात्री नको, ओपीडीच्या वेळात दर पाच मिनिटांनी चालवा. अपलिंकवर, म्हणजे दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवर, पलीकडचे सगळेच मॅक दिसतात. ज्या पोर्टवर एलएलडीपीत (यंत्रं शेजाऱ्याला स्वतःची ओळख सांगतात तो प्रोटोकॉल) शेजारी स्विच दिसतो ते पोर्ट वगळा. हे सगळं नेटडिस्को नावाचं सॉफ्टवेअर आयतं करतं. पहिल्या दोन तक्त्यांना नेटबॉक्स चांगलं. आणि स्विचवरचं डीएचसीपी स्नूपिंग (परक्या यंत्राने आयपी वाटणं अडवणारी सोय) आजच चालू करा, फक्त सर्व्हरकडे जाणारे पोर्ट ट्रस्टेड ठेवून. मग भिंतीतला राउटर या स्विचपलीकडे आयपी वाटूच शकणार नाही.

प्रतिसाद

मी केबलिंगची कामं करतो. पहिल्या दोन तक्त्यांसाठी टोनर (केबलीत सूर सोडून तिचं दुसरं टोक शोधायचं साधन) घेऊन फिरू नका. लॅपटॉप आय-ओला लावा, वायरशार्क (नेटवर्कवरचे संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, अर्धा मिनिट थांबा. स्विच दर ३० सेकंदांनी एलएलडीपीत स्वतःचं नाव आणि पोर्ट सांगतो. सिस्कोचा स्विच असेल तर एलएलडीपी बहुधा आधी चालू करावं लागेल, नाहीतर सीडीपी (सिस्कोचा तसाच प्रोटोकॉल) बघा, ते ६० सेकंदांनी येतं. काहीच आलं नाही तर तो आय-ओ बहुधा पॅच केलेला नाही, तेवढ्यांनाच टोनर लावा.

लेबलवर विभागाचं नाव घालू नका, डायलिसिसही उद्या हलेल. इमारत, मजला, रॅक, पॅनेल, पोर्ट, एवढंच. आणि तेच लेबल केबलच्या दोन्ही टोकांना.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. रविवारी पहिल्या मजल्यावरचे ६४ आय-ओ लॅपटॉपने तपासले, नऊ मुके निघाले. स्नूपिंगही चालू केलंय. एक शंका: छोट्या स्विचमागची यंत्रं कोणत्या खोलीत धरायची?

प्रतिसाद

ज्या पोर्टवर एकाहून जास्त मॅक, त्याला वेगळी खूण करा आणि तिथे स्वतः जाऊन या. स्विच त्याच खोलीत असेल तर नोंद बरोबरच आहे. केबल दुसऱ्या खोलीत ओढली असेल तर तिथे नवा आय-ओ टाकून घ्या, डेटाबेसमध्ये जुगाड करू नका.

धागाकर्ता

आज पोर्ट १७ ची केबल धरून गेलो. स्टोअररूममधल्या छोट्या स्विचवरून भिंतीला भोक पाडून दोन केबली पलीकडे नेल्यात. सहापैकी दोन यंत्रं अतिदक्षता विभागातली निघाली. तिथे दोन नवे आय-ओ टाकायचा अर्ज दुपारीच दिला.