घरात सायकलिंग: ट्रेनर घ्यावा की स्पिन बाइक?

नमस्कार मंडळी,

आपल्यात सायकल चालवणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. अंधार लवकर पडायला लागला की माझं सायकलिंग बंद होतं आणि परत सुरू करताना पाय पार जड झालेले असतात, त्यामुळे आता घरातच काहीतरी सोय करायची ठरवलीय, एक तर ट्रेनर (आपलीच सायकल जागेवर चालवायचं यंत्र) नाहीतर स्पिन बाइक (जागेवरच चालणारी व्यायामाची सायकल). माझ्याकडे डिस्क ब्रेकवाली रोड बाइक आहे. नवऱ्यालाही व्यायाम हवाय पण सायकलची तशी आवड नाही, अधूनमधून अर्धा तास पॅडल मारलं तरी बास असं त्याचं म्हणणं. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, जमीन लाकडी, खाली वयस्कर जोडपं. वाचायला बसलं की व्हील-ऑन, डायरेक्ट ड्राइव्ह, रोलर्स, स्पिन बाइक, काय काय समोर येतं, काही ठरतच नाही. वापरणाऱ्यांनी सांगा प्लीज.

* * *

नमस्कार ताई,

> जमीन लाकडी, खाली वयस्कर जोडपं

निवड इथूनच सुरू करा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की ट्रेनर 2000 वॉट पेलतो आणि अमुक टक्के चढ दाखवतो, पण आपण हौशी लोक तासभर दीडशे-दोनशे वॉट काढले तरी घामाघूम होतो, तो आकडा आपल्या काही कामाचा नाही. रोज जे नडतं ते म्हणजे आवाज, घाम आणि आपली सायकल त्यावर बसते की नाही.

व्हील-ऑन म्हणजे मागचं चाक तसंच ठेवून ते एका छोट्या रोलरवर दाबायचं. स्वस्त पडतं, पण टायर घासतो, रबराचा भुगा पडतो आणि आवाज चांगलाच होतो. शिवाय टायरमधली हवा आणि रोलरचा दाब दर वेळी सारखा नसेल तर वॉटचे आकडे भरकटतात, आणि टायर गरम झाला की परत बदलतात, म्हणून दहा मिनिटं चालवून मग कॅलिब्रेट करायचं, म्हणजे आकडे परत जुळवून घ्यायचे असतात. नुसतं पॅडल मारायचं असेल तर चालतं हे, पण तुम्हाला प्रगती मोजायची असेल तर वैताग येतो.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मागचं चाक काढून टाकायचं आणि चेन सरळ ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचावर) घालायची. टायरच नाही म्हटल्यावर ती घरघर गेली, उरतो तो चेनचा आवाज. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी हाच, आणि सगळ्यात महागडा नको, मधल्या रेंजमधला घ्या. वॉट दाखवण्यात 2 टक्के इकडेतिकडे असला तरी बिघडत नाही, रोज सारखाच दाखवला म्हणजे झालं. खालच्यांना त्रास होतो तो आवाजापेक्षा जमिनीतून जाणाऱ्या थरथरीचा, त्यामुळे खाली जाड रबरी मॅट हवीच आणि खोलीच्या मधोमध न मांडता भिंतीलगत मांडा, तिथे लाकडी जमीन कमी हलते. रोलर्सवर, म्हणजे सायकल न बांधता ज्यावर चालवतात त्या फिरत्या नळ्यांवर, तोल सांभाळायला मजा येते पण पहिली खरेदी म्हणून नको.

आता ज्याच्याकडे लोक बघतच नाहीत ते, पंखा. आपलं शरीर खाल्लेल्या ऊर्जेतली साधारण 20 ते 25 टक्केच पॅडलवर आणतं, बाकीची उष्णता होते. म्हणजे 150 वॉट काढताना अंगातून 450 ते 600 वॉटचा हीटर चालू असतो, आणि बाहेर जो वारा तो घेऊन जातो तो घरात नसतो. मग नाडी चढते, पाय गळतात आणि आपल्याला वाटतं फिटनेस गेला. ट्रेनर थोडा स्वस्तातला घ्या पण छाती-तोंडावर जोरात वारा मारणारा मोठा पंखा घ्याच. आणि हँडलवर टॉवेल. घामातलं मीठ हँडलच्या टेपखाली झिरपतं, वरून काहीच दिसत नाही, टेप सोडवल्यावर आत पांढरी खपली आणि अल्युमिनियमला पडलेले खड्डे दिसतात. स्टेमचे स्क्रू आणि हेडसेटचे बेअरिंगही असेच गंजतात, म्हणून झालं की लगेच ओल्या फडक्याने पुसून काढायचं.

* * *

दादांचं सगळं पटलं, फक्त नवरोबांची बाजू राहिली म्हणून लिहितेय.

अगं, तुझी उंची आणि त्याची उंची वेगळी, तुझ्या रोड बाइकवर तो कसा बसणार? दर वेळी सीट वरखाली करायची म्हटली की आठवड्याभरात तो सोडून देईल, आमच्याकडे हेच बघितलंय. स्पिन बाइकला सीट आणि हँडल दोन्ही वरखाली आणि पुढेमागे सरकतात, दांड्यावर आकडे असतात, आपापला आकडा लक्षात ठेवला की मिनिटात काम. घेतलीस तर चुंबकाच्या रेझिस्टन्सवाली घे, फेल्ट पॅडवाली नको, ते पॅड झिजतात आणि किंचाळतात. एक मात्र नवऱ्याला आधीच सांग, बऱ्याच स्पिन बाइकला फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी सोय) नसतं, जड फ्लायव्हील (तिचं वजनदार चाक) फिरत असताना पाय एकदम थांबवले तर पॅडल पायाला घेऊन फिरतं, गुडघ्याला हिसका बसतो. थांबायचं असेल तर नॉब दाबून ब्रेक लावायचा. घरी लहान मुलं येत असतील तर वापर झाल्यावर नॉब घट्ट करून ठेवायचा, बोटं अडकण्याची भीती असते.

पण तुला बाहेरच्या सीझनसाठी तयारी करायची असेल तर स्पिन बाइकवर तुझी पोझिशन येत नाही आणि साध्या मॉडेलचे वॉट अंदाजपंचे असतात, हेही खरं.

* * *

दोघांनाही खूप थँक्स! बोलून ठरलं, मुख्य वापर माझाच त्यामुळे डायरेक्ट ड्राइव्ह, त्याला पुढेमागे साधी स्पिन बाइक बघू. आता दोन शंका. माझी सायकल बसेल हे कसं ओळखायचं? आणि ते अर्ग मोड काय प्रकरण आहे, एक मैत्रीण म्हणाली की त्यात पाय अडकतात.

* * *

ताई, मागचं चाक काढून बघा. डिस्क ब्रेकच्या बहुतेक नव्या रोड बाइकला 12 मिलिमीटरचा थ्रू ॲक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड आस) आणि चाक बसतं तिथे 142 मिलिमीटर रुंदी असते, जुन्यांना क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक आस). दोन्हीचे अडॅप्टर बहुतेक ट्रेनरसोबत येतात, तरी ऑर्डर द्यायच्या आधी खात्री करा. चाक बाहेर असताना ब्रेकचा लीव्हर चुकूनही दाबू नका, पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात, त्या फटीत प्लास्टिकचा स्पेसर घालून ठेवा. कॅसेट तुमच्या सायकलच्या स्पीडशी, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संख्येशी, जुळणारी लागते, काही ट्रेनरसोबत ती येतच नाही, वेगळी घ्यावी लागते. आणि फ्रेम कार्बनची असेल तर कंपनीची वॉरंटी ट्रेनरवर लागू राहते का तेवढं वाचा.

अर्ग मोडमध्ये तुम्ही वॉट सांगायचे, ट्रेनर रेझिस्टन्स कमीजास्त करून तेवढेच धरून ठेवतो. 200 वॉट लावले आणि मिनिटाला 90 फेरे चालू आहेत तोवर ठीक, दमून 60 वर आलात की तेवढेच वॉट काढायला प्रत्येक फेरीला दीडपट जोर लागतो, मग पाय आणखी मंदावतात, आणखी जड होतं, शेवटी थांबतंच. तसं व्हायला लागलं की गिअर बदलून फायदा नाही, दोन सेकंद मोड बंद करा, फेरे वाढवा, मग चालू करा. सुरुवातीला तर तुमच्या ताकदीच्या जरा खालचेच वॉट लावा.

आणि ट्रेनर ॲपमध्ये दिसतच नसेल तर आधी घड्याळ आणि दुसरा फोन बघा, बरेच ट्रेनर ब्लूटूथवर एका वेळी एकालाच जोडले जातात, घड्याळाने आधी पकडला की लॅपटॉपला सापडत नाही.

मागे किती चकत्या आहेत ते मोजून लिहा, कॅसेटचं त्यावरून सांगतो.